ओट्यावरची दुसरी सही

आमच्या घरात लिंबू फक्त पोह्यांवर पिळतात, दारावर टांगत नाहीत. भूत, आत्मा वगैरे निघालं की टिंगल करणारी मीच पहिली... त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय. पण गोष्ट बाबांची आहे आणि मला त्यांचा भयंकर अभिमान आहे, म्हणून लिहितेच.

आम्ही रायपूरचे. दिवाळीला भाऊ पुण्याहून बायको-मुलांना घेऊन आला. आमच्या दोन खोल्यांत माणसं मावेनात, म्हणून शंकर नगरात चार दिवसांसाठी फ्लॅट घेतला – सुट्टीवर आलेल्यांना ऑनलाइन देतात, तसला. बाबाही सोबत आले.

बाबा रेल्वेत डबे तपासायचे. गाडी लागली की एका बाजूने चालत जायचं, खराबी दिसली की खडूने फुली, तारीख आणि आपल्या नावाची अक्षरं. रिटायर झाले तरी खडू खिशात असतोच! फ्लॅटमध्ये शिरताच त्यांनी स्वयंपाकघराच्या काळ्या ओट्यावर केसाएवढा तडा शोधला आणि शेजारी तशीच फुली, तारीख, अक्षरं काढली.

"फोटो काढून ठेव पोरी. ताब्यात घेताना पाहून घ्या लागते."

मी काढला नाही. उलट वहिनी हसेल म्हणून ती खूण ओल्या फडक्याने गुपचूप पुसली. दोनदा. फडकं पांढरं झालं, ते मीच धुऊन पिळलं. बाबांना बोलले नाही.

फ्लॅट सोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी मालकाचा मेसेज आला – ओटा तुम्ही फोडलात, डिपॉझिट विसरा. वर वेबसाइटवर त्याने लिहिलं, "बुजुर्ग गेस्ट ने तोड़ा और छुपाया." बाबांनी ते तीनदा वाचलं.

"पैसे ठेव म्हणा त्याले. पण मले खोटा काहून म्हणून राहिला तो? खडूची खूण आहे न तिथं!"

आता सांगणं भागच होतं. ऐकून बाबांनी चष्मा काढून ठेवला, रागावलेसुद्धा नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्यांच्या कामावर कोणी बोट ठेवलं नाही, त्यांना माझ्या लाजेपायी खोटं ठरवलं होतं.

तिरीमिरीत मालकाला फोन लावला. "भैया, टूटा हुआ फोटो तो भेजो."

"हव दीदी, भेजता हूँ. आप लोग निकले, तभी खींचा है."

फोटो आला. मी मोठा करून पाहिला. तड्याशेजारी पांढरीशुभ्र फुली, आम्ही आलो त्या दिवसाची तारीख, बाबांची अक्षरं. आणि त्याला लागून एक गोल, आत 'र'. गोल खालून उघडा.

"बाबा, हे काय?"

बाबांनी चष्मा पुन्हा चढवून पाहिलं. "रामटेकेची सही आहे. गोल कधी पुरा नाही करे तो."

रामटेके काका म्हणजे बाबांचे जोडीदार, गाडीच्या दुसऱ्या बाजूने चालणारे. एकाने धरलेली खराबी दुसऱ्याने येऊन पाहायची आणि लागून सही करायची, ही त्या दोघांची आपसातली पद्धत होती. काका जाऊन तीन वर्षं झालीत.

तोच फोटो मी मालकाला परत पाठवला. त्याचा लगेच फोन आला. "दीदी... खींचा तो मैंने ही है. ये दिखा कैसे नहीं?" तासाभरात लिहिलेलं काढलं, डिपॉझिट परत केलं, आणि बाबांना फोनवर म्हणाला, "माफ करना अंकल, गलती मेरी थी." बाबा ते उभं राहून ऐकत होते.

भाऊ म्हणतो, तू नीट पुसलं नसशील. बरं, नसेन. पण मग तो गोल? बाबांशिवाय तिथे कोणाला काकांची सही माहीतसुद्धा नव्हती, आणि बाबा दुसऱ्याची सही करणं शक्यच नाही.

संध्याकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला उरला भागात, रामटेके काकूंकडे घेऊन गेले. "जय भीम वहिनी," म्हणत त्यांनी फोन पुढे धरला. काकूंनी गोलावरून बोट फिरवलं आणि पदर डोळ्यांना लावला.

बाबा ताठ बसले होते. म्हणाले, "वहिनी, रामटेके येऊन पाहून गेला. माह्यं काम बरोबर आहे म्हणते."