काकांचं 'नाही'चं बटण

जगात कुणालाही 'तुमचं चुकलं' असं एकदाही न म्हणता निवृत्त झालेला माणूस मी एकच पाहिला: जालना एमआयडीसीतल्या आमच्या बियाण्यांच्या कारखान्यातले कॉम्प्युटरवाले काका. कॅन्टीनच्या चहात मीठ पडलं तरी घोटभर पिऊन विचारणार, "याच्यात साखर टाकायची व्हती का?" कुणी अनोळखी माणूस त्यांच्याच सायकलच्या कुलपाशी घामाघूम होऊन झटत असला, तर शेजारी उभे राहून, "तुमाला ती पलीकडची पाहिजे व्हती का?"

मी सावंतवाडीकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. गोण्या उचलायला आलो होतो. अक्षर बरं म्हणून साहेबांनी महिनाभरासाठी कॉम्प्युटरवर गोण्यांची लेबलं काढायला बसवलं. कॉम्प्युटरला माझं अक्षर कशाला लागतं, हे विचारायची छाती नव्हती. जमलं नाही तर परत गोदाम. लेबलावर काय छापायचं, त्या रकान्याचं नाव टाइप करायचं; ते जरा चुकलं की यंत्र इंग्रजीत खेकसायचं आणि मी खुर्चीतून उठून उभा राहायचो. एकदा तर चपला काढून हात जोडले. काकांनी पाहिलं. "कोनाच्या पाया पडून राह्यला रे?" एवढंच बोलले आणि चार दिवस खपून त्यांनी यंत्राला स्वतःची सवय लावली. आता चुकलं की पडद्यावर यायचं, 'असा रकाना नाही. तुम्हाला हे म्हणायचंय का?' आणि जवळचं एखादं नाव. खाली होय, नाही.

घर सोडल्यापासून इतक्या अदबीने मला कुणी काही विचारलं नव्हतं. अशाला नाही कसं म्हणायचं? मी दर वेळी होय दाबायचो. एका दुपारी 'वाण' लिहिताना घोळ झाला. यंत्राने विचारलं, 'वजन म्हणायचंय का?' मी भरल्या मनाने होय म्हटलं. बाजरीच्या सगळ्या गोण्यांवर वाणाच्या जागी वजनाचा, चाळीसचा आकडा लागला. हमाल ओरडला, "काका, हे चाळीस कोन्तं नवं बियानं काढलं?"

काका माझ्याशेजारी येऊन बसले. "बाबा, म्या न्हाईचं बटन बी ठेवलं व्हतं. दिसलं न्हाई का?"

तेवढ्यात साहेब आले. आवाज अगदी मऊ. "तुला गोदामच बरं वाटेल, नाही का रे?"

होय ओठावर आलंच होतं. काका चष्मा पुसत होते, माझ्याकडे बघतही नव्हते.

"न्हाई साहेब," मी म्हणालो, तेही काकांच्या मराठीत.

साहेबच दचकले. "मग लेबलं परत काढ," म्हणाले.

काका पुढे निवृत्त होऊन जाफराबादला गेले. यंत्र अजून तसंच विचारतं आणि मी आता बराबर नाही दाबतो. फक्त दाबण्याआधी क्षणभर थांबतो. काकांना वाईट तर वाटणार नाही ना, असं वाटतं.