पानाच्या तळाशी कापलेली ओळ

त्या काळात मी बडोद्यातल्या मांजलपूरच्या एका खासगी क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायचे. इंटरनेट म्हणजे काय, हे मी पुस्तक हातात धरून वर्गात अगदी ठासून सांगायचे. घरी मात्र बाबांनी त्याच इंटरनेटवर जे काही चालवलं होतं ते मला ना तेव्हा नीट कळलं, ना आज कळतंय. लिहायला बसलेय खरी, पण बाजू कोणाची घ्यावी हेही ठरत नाही.

बाबा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. बाहेरून आलेला सुटा भाग हातात घ्यायचा, व्हर्नियरने मोजायचा, ड्रॉइंगशी ताडून पाहायचा आणि जुळला नाही तर कारण लिहून परत पाठवायचा. सव्वीस वर्षं त्यांनी लोकांच्या कामातल्या चुका काढल्या, त्यामुळे ते फारसे कोणाला आवडत असतील असं मला वाटत नाही. मग दिवस बदलले. पुरवठादार आपल्या मालाचं प्रमाणपत्र आपणच देऊ लागले आणि कारखान्याला मोजणारा माणूस नकोसा झाला. बाबांनी व्हीआरएस घेतली, म्हणजे घ्यावी लागली.

सकाळी सातला दाढी करून ते ओट्यावर बसायचे. कंपनीची बस कोपऱ्यावर हॉर्न द्यायची तेव्हा नेमके पेपरात डोकं घालायचे. समोरचे गुजराती काका दिलखुलासपणे ओरडायचे, "हवे तो आराम ज आराम, भाई!" आता काय, आरामच आराम, हे ऐकून बाबा हसायचे आणि आत यायचे. हळूहळू ते बोलेनासेच झाले. बोलले तर आईच्या पोळ्यांच्या जाडीवर.

"अहो, मी काही तुमच्या कारखान्याची पुरवठादार नाही," आई एकदा वैतागून म्हणाली. त्यानंतर तेही बंद झालं. मला त्यांची काळजी वाटायची आणि कंटाळाही यायचा, दोन्ही एकदम. हे कबूल करायला बरं वाटत नाही.

मन रमावं म्हणून मी त्यांना घरचा कॉम्प्युटर शिकवला. त्यावर मी एक फुकटचा ब्राउझर टाकला होता. जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलेला, ज्याच्या आतली रचना कोणीही उघडून पाहावी आणि सुधारावी, असा. बाबा त्यावर मराठी लेख शोधायचे आणि आईसाठी छापायचे, कारण आईला पडद्यावर वाचायला आवडत नसे. असं आठवडाभर चाललं आणि मग त्यांना दोष सापडला. छापलेल्या पानाची शेवटची ओळ आडवी कापली जायची. अक्षरांचं वरचं अर्धं या पानावर, खालचं अर्धं पुढच्या.

"अगं, हे बघ," ते म्हणाले. मी वह्या तपासत होते. "बघू," मी म्हटलं.

दोन दिवसांनी पुन्हा तेच, मग आणखी एकदा. अर्ध्या ओळीचं काय एवढं, असं मला वाटत होतं. आई तर न कुरकुरता वाचत होती.

एका दुपारी क्लासहून आले तर बाबा पानावर व्हर्नियर लावून बसलेले. ब्राउझरच्या मदतीच्या पानावरून शोधत शोधत ते तक्रारी नोंदवायच्या जागी पोहोचले होते. तिथे तीन रकाने होते: काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं. बाबांचा चेहरा गावचा माणूस भेटल्यासारखा खुलला. त्यांनी कारखान्याच्या इंग्रजीत सविस्तर अहवाल लिहिला. वर 'मा. व्यवस्थापक' अशा अर्थाचा मायना आणि खाली पूर्ण सही. मी पोट धरून हसले.

"बाबा, तिथे व्यवस्थापक वगैरे कोणी नसतं."

"मग मालक कोण?"

"मालकही नाही."

"मग माल पास कोण करतं?"

हे माझ्या पुस्तकात नव्हतं. कॉम्प्युटरची बाई मी! तेव्हा मी उगाच चिडून म्हटलं, "असतात कोणीतरी."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. फिनलंडमधल्या कुणा माणसाचं, ज्याने बाबांना सरळ एकेरी नावाने हाक मारली होती. मग अमेरिकेतल्या एकाने लिहिलं की माझ्याकडे ओळ कापली जात नाही, सबब दोष नाही. बाबा खवळले. दोन दिवस सहासात देशांतल्या माणसांचा उघड्यावर वाद चालला आणि मग उलगडा झाला की अमेरिकेत कागदच वेगळ्या मापाचा असतो. आपला कागद उंचीला थोडा जास्त. हे बाबांनीच मोजून दाखवलं. वाद घालणाऱ्याने "तुझं बरोबर आहे" असं चारचौघांत लिहिलं. इतक्या सहज कोणी चूक मान्य करतं, याचंच मला नवल वाटलं. आमच्या क्लासचे संचालक तर स्पेलिंगची चूकसुद्धा मान्य करत नसत.

पुढे कोणीतरी दुरुस्ती लिहिली, दुसऱ्याने तपासली, तिसऱ्याने चूक काढली, पहिल्याने पुन्हा लिहिली. प्रत्येक वेळी नवी चाचणी आवृत्ती उतरवून बाबा पानं छापायचे आणि मोजायचे. दोन महिन्यांनी शेवटची ओळ अख्खी आली. ती दुरुस्ती आता सगळ्या जगाच्या ब्राउझरमध्ये जाणार होती. मी पेढे आणले आणि मनातल्या मनात सुटकेचा श्वास सोडला, झालं एकदाचं.

पण झालं नव्हतं. बाबा आता इतरांच्या तक्रारी तपासू लागले. ब्राझीलमधल्या कुणाचं चित्र छापताना सरकतं, ते बडोद्यात सरकतं का हे बघायचं. रोज सकाळी दाढी करून साडेसातला ते खुर्चीत. साडेबाराला जेवण. पुन्हा दीडला हजर. यांना कोणी हजेरी लावायला सांगितली होती, देव जाणे!

मी त्यांच्यासाठी खरंखुरं काम शोधत होते. एका विद्यार्थिनीच्या वडिलांचा मकरपुऱ्यातच लहान कारखाना होता. तिथे स्टोअर सांभाळायला माणूस हवा होता. त्यांनी मोठ्या मनाने सांगितलं, "पप्पाने सोमवारथी मोकलजो." बाबांना सोमवारपासून पाठवा, हे ऐकून मी आनंदाने घरी आले.

"या सोमवारी जमायचं नाही," बाबा पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले. "नवी आवृत्ती निघायची आहे. अकरा तक्रारी राहिल्यात."

माझा तोल गेला. मी नको ते बोलले. म्हटलं, "कोणासाठी राबताय? त्यांना तुमचा चेहरा माहीत नाही. उद्या तुम्ही बसला नाहीत तर कोणी विचारायलाही येणार नाही. तुमची ओळ झाली ना नीट? मग आता हे काय खूळ? याला काम म्हणतात का?"

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. बाबांनी खुर्ची वळवली. त्यांना राग आलेला नव्हता, उलट मी चुकीचं माप सांगितल्यासारखे ते माझ्याकडे पाहत होते.

"ती ओळ मी तुला तीनदा दाखवली," ते म्हणाले. "तू बघू म्हणालीस. त्या फिनलंडच्या माणसाने पहिलंच काय विचारलं माहितीये? किती मिलिमीटर कापली जाते. कारखाना सुटल्यापासून मला कोणी काही मोजायला सांगितलं नव्हतं गं."

मला एकदम रडू आलं. लाज वाटत होती, त्या न पाहिलेल्या माणसाचा हेवाही वाटत होता आणि राग नक्की कोणाचा आलाय तेच कळेना. आपल्या घरातल्या माणसाला काय हवंय हे हजारो मैलांवरच्या परक्याला एका प्रश्नात कसं कळावं? की त्याला काहीच कळलं नव्हतं, त्याला फक्त आकडा हवा होता? अजूनही मला ठरवता येत नाही.

सोमवारी सकाळी मी त्या कारखान्यात गेले. मालकांनी माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं आणि विचारलं, "पप्पा न आव्या?"

"नाही येणार," मी म्हटलं. "त्यांना काम लागलंय."