हनुवटीइतकी स्टिक

नवा खेळाडू समोर आला की काका त्याचं नाव विचारत नसत. स्टिक उभी करून त्याच्या पायाशी टेकवत आणि तिचं टोक कुठवर येतं ते त्याच्याच चेहऱ्यावर बोट ठेवून दाखवत. "अनवाणी असलास तर नाकापर्यंत, स्केट घातलेस तर हनुवटीपर्यंत. त्याच्या वर गेली तर ती स्टिक नाही, लाठी आहे."

तुम्ही म्हणाल, ग्वाल्हेरात कसली आइस हॉकी? मे महिन्यात इथलं डांबर चपलेला चिकटतं. पण दर्पण कॉलनीजवळच्या एका बागेत सिमेंटचं गोल रिंग आहे, तिथे आम्ही चाकांच्या स्केटवर खेळायचो. त्यातले दोन-चार जण थंडीत लडाखला जाऊन खऱ्या बर्फावर खेळून येत. काका फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले, आमच्यापासून दोन घरं सोडून राहणारे. नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी लडाखात काढली होती आणि बर्फावरचा हा खेळ तिथेच शिकले होते. पत्नी गेलेली, मुलगा पुण्याला. पुढचे दोन दात नव्हते आणि नाक एका बाजूला वळलेलं. त्यांच्याकडे पाहून नव्या पोरांच्या आया क्षणभर थबकत.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. लहानपणी स्केटिंग केलेलं, तेवढ्या भांडवलावर त्यांच्याकडे गेले. दादाने ऑनलाइन मागवलेली काळी चकचकीत स्टिक बरोबर होती. काकांनी ती टेकवली. टोक माझ्या कपाळाच्याही वर गेलं. मग त्यांनी दांड्यावरचा आकडा वाचला.

"हा आकडा म्हणजे दांडा किती कडक आहे ते. पौंडातल्या तुझ्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास हवा. हिला वाकवायला तुझ्यासारख्या दोघी लागतील."

नंतर त्यांनी कोपऱ्यातला झाडू माझ्या हातात दिला आणि रिंग झाडायला सांगितलं. मला वाटलं, ही शिस्त. मी मुकाट्याने अर्धं रिंग झाडलं. ते फक्त माझे हात बघत होते. माझा उजवा हात खाली होता. दादाने आणलेल्या स्टिकचं पातं डावा हात खाली धरणाऱ्यांसाठी वळवलेलं होतं. लांबी कापून कमी करता येते, पात्याचं वळण बदलता येत नाही, असं ते म्हणाले, आणि ती स्टिक भिंतीला उभी करून मला एक जुनी लाकडी, सरळ पात्याची स्टिक दिली. शिकताना सरळ पातंच बरं, पक कुठे जाते ते कळतं, असं त्यांचं म्हणणं. पक म्हणजे रबराची चकती, जिच्यासाठी सगळी मारामारी.

मारामारी हा शब्द मी सहज लिहीत नाही. काका आम्हाला मारत. स्टिकवर स्टिक हाणत, खांद्याने ढकलून कठड्यावर आपटत. कोणी पडलं आणि "सर, लग गई" म्हणालं की ते वाट बघत उभे राहत, हात देत नसत. एकदा माझ्या दंडावरचे काळेनिळे डाग पाहून आई तडक त्यांच्या घरी गेली. मी मागे. आई पुष्कळ बोलली. ते मान खाली घालून ऐकत होते.

"वहिनी, इथे मी मारतो, तिथे दुसरे मारतील," ते शेवटी म्हणाले. "इथे मला थांबता येतं."

आई तशीच परत आली. पण संध्याकाळी हळदीचा लेप लावताना ती म्हणाली की हा माणूस कशाला तरी आतून घाबरतोय. मला ते पटलं नाही. काका आणि घाबरणार?

ते कशाला घाबरत ते थोड्या दिवसांनी कळलं. सरावात एका मुलाने रागाच्या भरात स्टिक खांद्याच्या वर उचलली आणि दुसऱ्याची भुवई फाडली. डोळा वाचला, पण रक्त गालावरून गळ्यापर्यंत आलं. काकांनी रुमालाने जखम दाबून धरली आणि पोराला दवाखान्यात नेऊन टाके घालून आणले. मग सगळ्यांच्या स्टिका गोळा केल्या, घरी पाठवलं, आणि एकटेच रिंगच्या कठड्यावर बसले. माझं घर त्याच वाटेवर, म्हणून मी थांबले. त्यांनी आपण होऊन सांगितलं.

लडाखात गोठलेल्या तळ्यावर दोन तुकड्यांचा सामना होता. काकांना लांब स्टिक आवडायची, लांबवर पोचते म्हणून. समोरच्या तुकडीत त्यांचा जिवलग दोस्त होता, साताऱ्याकडचा. दोघं एकत्र भरती झालेले. त्याने तीनदा पक काढून घेतली आणि तिसऱ्यांदा हसला. काकांनी स्टिक फिरवली. पात्याचं टोक दोस्ताच्या डोळ्यात गेलं.

"तो ओरडला नाही," काका म्हणाले. "गुडघ्यांवर बसला आणि हाताने बर्फ चाचपडायला लागला. जसं काही पडलंय आणि शोधतोय."

डोळा गेला. दोस्ताला नोकरी सोडून गावी जावं लागलं. चौकशीत काकांनी सांगितलं की तोल जाऊन लागली. दोस्तानेही तेच सांगितलं. दोस्ताची पत्रं बरीच वर्षं येत राहिली, काकांनी एकाचंही उत्तर दिलं नाही. मग पत्रं थांबली.

मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

त्या हिवाळ्यात मला पहिल्यांदा लडाखला जायचं होतं. पण त्याआधी लग्नसराई आली. बागेला लागून एक मॅरेज गार्डन नवीन झालं होतं. तिथे येणाऱ्यांच्या गाड्या आधी बागेच्या दाराशी, मग आत, मग थेट रिंगवर लागू लागल्या. काकांनी दोनदा जाऊन गार्डनवाल्यांना सांगितलं. तिसऱ्या वेळी, संध्याकाळी पाचच्या सुमाराला, आमचा सराव चालू असताना एक जीप उलटी आत आली. एक छोटी मुलगी स्केटवर होती, तिला थांबता आलं नाही. ती जीपला धडकून चाकाजवळ पडली. काकांनी तिला ओढून काढलं आणि जीपच्या काचेवर थाप मारली.

चौघं उतरले. त्यातल्या धिप्पाडाने काकांची कॉलर धरली. काका शांतपणे म्हणाले, "बच्चे खेल रहे हैं भाई, गाडी निकाल लो." उत्तरादाखल त्याने त्यांच्या तोंडावर ठोसा मारला. मग बाकीचे तुटून पडले. आमच्या जादा स्टिका कठड्याशी ढीग करून ठेवलेल्या होत्या, त्या त्यांनी उचलल्या. धिप्पाडाने सगळ्यात लांब आणि कडक होती ती घेतली. ती माझी होती, दादाने आणलेली. कुणाला तरी देऊन टाकू म्हणून मीच त्या दिवशी तिथे ठेवली होती.

काकांच्या हातात त्यांची स्टिक होती. हा माणूस आता चौघांना लोळवणार, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. त्यांनी ती दोन्ही हातांनी आडवी धरली आणि मुलांच्या पुढे उभे राहिले. वार आडव्या स्टिकवर, मनगटांवर, बरगड्यांवर पडत होते. हाड मोडल्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. त्यांचा डावा हात लोंबकळला, तरी उजव्याने त्यांनी स्टिक सोडली नाही, आणि उगारलीही नाही.

मी धिप्पाडाच्या मागे होते. माझ्या हातातली लाकडी स्टिक डोक्याच्या वर केव्हा गेली मला कळलं नाही. त्याचं टक्कल माझ्यासमोर होतं आणि मला तिथेच मारायचं होतं. आजही मी स्वतःशी खोटं बोलत नाही, मला तो मेला तरी चालणार होतं.

काकांनी मला पाहिलं. वार चुकवायचा सोडून ते माझ्याकडे वळले आणि ओरडले, "खाली घे!"

मी खाली घेतली. डोक्यावर उगारलेला माझा वार धिप्पाडाच्या मनगटावर बसला आणि त्याचं मनगट तुटलं. पण त्याच क्षणी दुसऱ्याने मारलेली स्टिक काकांच्या वळलेल्या डोक्यावर, डाव्या कानावर बसली. ते सिमेंटवर पडले. कानातून रक्त आलं. धिप्पाड हात पोटाशी धरून किंचाळत होता, मुलं रडत होती, आणि कॉलनीतले लोक धावत येईपर्यंत ते चौघं जीपमध्ये बसून निघून गेले.

काका दोन आठवडे हॉस्पिटलमध्ये होते. हात आणि तीन बरगड्या मोडलेल्या, डाव्या कानाने ऐकू येणं कायमचं गेलं. धिप्पाडानेही तक्रार केली. कॉलनीतली मोठी माणसं आमच्याकडे जमली. मनगट सुभेदारांनीच तोडलं असं सांगू, असं ठरलं. म्हातारा फौजी, त्याला कोण काय करणार, मुलीच्या नावावर केस कशाला. आईलाही ते बरं वाटलं. मलाही वाटलं, लपवत नाही.

आम्ही ते काकांना सांगायला गेलो. ते उजवा कान पुढे करून ऐकत होते. सगळ्यांचं बोलून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "एक खोटं मी आयुष्यभर पाळलंय, बेटा. तू पाळू नकोस."

मी चौकीत जाऊन खरं सांगितलं. सही वाकडी आली. नंतर बरेच महिने दोन्ही बाजूंच्या चौकीवर फेऱ्या झाल्या, शेवटी समेट झाला आणि गाड्या रिंगवर येणार नाहीत असं गार्डनवाल्यांनी लिहून दिलं. त्यात माझी पहिली लडाखची वारी हुकली. दुसऱ्या वर्षी मी गेले, खेळले, पडले, तो भाग वेगळा.

बरं झाल्यावर काकांनी साताऱ्याचं तिकीट काढलं. त्यांना स्टेशनवर सोडायला मी गेले. बाकावर मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले, मुद्दाम. जे बोलायचं होतं ते समोरासमोर बोलायची माझी हिंमत नव्हती. मी म्हटलं की धिप्पाडाने उचलली ती स्टिक माझी होती, आणि तुम्ही माझ्यामुळे वळलात, आणि मला झोप लागत नाही. ते समोर रुळांकडे बघत होते. गाडी आली. चढताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जरा जास्तच वेळ. त्यांना काय ऐकू गेलं होतं, मी कधी विचारलं नाही.

चार दिवसांनी फोन आला. दोस्ताने दार उघडलं, ओळखलं, काकांनी उंबऱ्यातच सगळं सांगितलं. "त्याने एक मुस्कटात मारली," काका म्हणाले. "चांगली जोरात. मग म्हणाला, एवढं सांगायला इतकी वर्षं? ठाऊक नव्हतं होय मला? आणि वहिनींना चहा टाकायला सांगितला."

परत कधी येणार, मी विचारलं. त्याच्या विहिरीचं काम निघालंय, ते झालं की येतो, असं म्हणाले. विहीर झाली, मग ऊस आला, मग दोस्ताच्या नातीचं लग्न. दर्पण कॉलनीतल्या त्यांच्या घरात आता भाडेकरू राहतात. रिंगवर नव्या मुलांना मी शिकवते.

परवा मी फोन केला. काकांनी उचलला, "थांब हं बेटा" म्हणाले आणि फोन कुठेतरी तसाच ठेवून दिला. मागे दोन म्हातारे भांडत होते. पाण्याची मोटर कोणी चालू ठेवली यावरून. दोस्त त्यांना मूर्ख म्हणत होता, काका त्याला त्याहून वाईट काहीतरी, आणि दोघंही ओरडत होते, कारण एकाला नीट ऐकू येत नव्हतं. मध्येच कोणीतरी हसलं. मी फोन कानाला लावून बराच वेळ बसून राहिले. ते मला विसरून गेले होते.