प्लगपासून दीड हात

मीटरकाकांकडे चौदा टोस्टर होते, आणि सकाळचा पाव मात्र ते चिमट्यात धरून गॅसवर भाजत. कोणी विचारलंच तर म्हणत, "अहो, ते सगळे निवृत्त आहेत. म्हाताऱ्या जिवाला पुन्हा कामाला जुंपायचं म्हणजे..." आणि वाक्य तिथेच सोडून देत.

टोस्टर चौदा, मिक्सर एकवीस, ज्यूसर नऊ, विजेच्या किटल्या अकरा, पत्र्याचे गोल ओव्हन पाच. शिवाय तीन यंत्रं अशी, की ती नेमकी कशासाठी होती हे देणाऱ्यांनाही सांगता आलं नव्हतं. एकूण त्रेसष्ट. राहायला तळमजल्यावरची एक खोली आणि मागे ओट्यापुरतं स्वयंपाकघर. लग्न 'बघू, बघू' म्हणता बघायचंच राहून गेलं होतं, त्यामुळे हरकत घ्यायला घरात कोणी नव्हतं.

नोकरी वीज कंपनीत, घरोघर जाऊन मीटर वाचायची. आणि मीटर कुठे असतो? दाराच्या वर, छताला टेकून. म्हणजे स्टूल आलं. स्टुलावर चढलं की समोर माळा. लोक जे विसरायला म्हणून वर टाकतात ते काकांच्या बरोबर नाकासमोर. बारा वर्षांपूर्वी एका माळ्यावर त्यांना दोन्ही अंगांना झडपा असलेला टोस्टर दिसला. ताईने, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीने, पहिल्या पगारात आणला होता तसा. तसा कसला, तोच! डावी झडप लुळी. ती आठव्या वर्षी काकांनीच मोडली होती आणि महिनाभर ताईची नजर चुकवत फिरले होते. त्या दिवशी मीटरचा आकडा घ्यायचा राहिला. टोस्टर तेवढा घेतला.

मागून घेतला तो एवढाच. बाकीचे बासष्ट आपण होऊन आले. गल्लीगल्लीत बातमी गेली आणि दार उघडायच्या आधीच आवाज यायला लागले. "काका, आमच्या सासूबाईंचा आहे हो. चालत नाही, पण टाकवत पण नाही. तुमच्याकडे असला म्हणजे आमच्याकडे असल्यासारखाच!" काका 'नाही' म्हणायला तोंड उघडत. पण तो शब्द घशातून वर येईपर्यंत यंत्र काखेत आलेलं असे.

एवढ्यावर भागलं असतं तर काका नुसते अडगळीत राहिले असते. अडकवलं त्यांना जळक्या मोटरींची तार नव्याने गुंडाळून देणाऱ्या वाइंडिंगवाल्याने. तो म्हातारा कानात काडी फिरवत म्हणाला, "मोटर आणि माणूस, बसून राहिले की मेले. आठवड्यातून एकदा मिनिटभर फिरवायचं. आणि एक्स्टेन्शन बोर्ड लावायचा नाही, सांगून ठेवतो. लांबून आलेला करंट दमलेला असतो." शेवटच्या वाक्यात काही अर्थ नाही हे वीज कंपनीतल्या माणसाला कळायला हवं होतं. कळतही होतं. पण उगाच विषाची परीक्षा कशाला?

तेव्हापासून रविवार म्हणजे फेरी. सकाळी आठला सुरू, दुपारी बाराला संपली तर नशीब. एकेकाची वायर काढा, प्लग लावा, मिनिटभर चालवा, पुसा, ठेवा, पुढचा. सगळ्या इमारतीला आवाज पाठ झाले होते. सातव्या नंबरचा मिक्सर 'हेडमास्तर'. आधी खाकरायचा, ख्खर्र, ख्खर्र, मग एकदम गर्जना आणि सगळं टेबल चळाचळा कापायला लागायचं. एक ज्यूसर 'सासूबाई'. बटण बंद केलं तरी बराच वेळ कुंऽऽऽ करत आपलं म्हणणं पूर्ण करायचा. एक नुसता 'हूं' म्हणून बसायचा, पातं काही हलायचं नाही. तो 'उपोषण'. बारा वर्षांत काका रविवारी कुठे गेले नव्हते. लग्नाचं आमंत्रण आलं की आधी वार बघायचे आणि तोंड पाडायचे. पण पडलेल्या तोंडाच्या आत थोडं हायसंही वाटायचं, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटायची.

मग ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती राहायची तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डॉक्टर म्हणाले, जिना विसरा. उरले दोन रस्ते: एका हॉलमध्ये आठ खाटा असलेलं वृद्धांचं निवास, नाहीतर भावाचा तळमजला. तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती ती. तिचं बोलणं अजून स्विचबोर्डवरचंच होतं, स्वच्छ आणि घाईचं. फोन तिनेच केला.

"गुंड्या, स्पष्ट बोल. जागा आहे की नाही?"

"आहे गं. म्हणजे... करतो."

"करतो म्हणजे नाही. आहे म्हणजे आहे. आठ खाटांच्या हॉलमध्ये मी आठवडाभर टिकायची नाही, तेही सांगते. बोल."

"आहे."

"रविवारी अकराला येते. ठेवते."

काकांनी आठवडाभर संध्याकाळी राबून जागा केली. एकही यंत्र बाहेर न देता. खिडकीकडची अर्धी खोली त्यांनी लख्ख रिकामी केली, खाट मांडली, नवी चादर घातली. आणि त्रेसष्टच्या त्रेसष्ट दाराकडच्या अर्ध्या भागात रचले. कारण खोलीतला एकुलता एक प्लग दाराशेजारी होता, आणि जुन्या यंत्रांच्या वायरी दीड हाताच्या. प्लगपासून दीड हातात जे बसेल ते जगेल, बाकीचं मरेल, असा सरळ हिशेब. यंत्रांचे मनोरे छताला टेकले. दार जेमतेम एक माणूस आडवा होऊन आत येईल इतकं उघडत होतं. ताईच्या हातात वॉकर असणार, हे काकांच्या लक्षात आलं नाही. मनोऱ्याच्या अगदी खाली, दाराच्या बिजागरीपाशी, पहिला मान म्हणून ताईचा टोस्टर.

रविवारी झाडलोट करता करता सव्वादहा वाजले, तरी काकांनी विचार केला, ताई यायच्या आत होईल तेवढी फेरी उरकून घेऊ. सहा झाले. सातवा हेडमास्तर. खाली काढायचा कंटाळा केला आणि त्याला मनोऱ्यावरच चालवला. ख्खर्र. ख्खर्र. गर्जना. सगळा मनोरा दात वाजवायला लागला. वरचा सगळ्यात मोठा ओव्हन इंच इंच पुढे सरकला, क्षणभर थांबला, आणि धडाड्धूम! दोन मनोरे घेऊन तो दारामागे आडवा झाला. काकांनी दार ओढून पाहिलं. बोटभरसुद्धा हललं नाही.

बरोबर अकराला बाहेर टॅक्सी थांबली. टक, टक, टक, वॉकर आला.

"गुंड्या, दार उघड."

"ताई, एक मिनिट."

"किती मिनिटं? खरं सांग."

"अगं, दारामागे ओव्हन पडलाय."

"मग उचल."

"त्याच्यावर बाकीचे पडलेत."

पलीकडून सावकाश आवाज आला, "गुंड्या, तू मला 'आहे' म्हणाला होतास."

"आहे गं जागा! खिडकीतून बघ हवं तर. चादरसुद्धा घातलीय!"

टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. "मावशी, बॅगा उतरवू की निवासावर जायचंय? मला पुढचं भाडं आहे."

"लाइन धरून ठेव," ताई म्हणाली. कोणाला, ते दोघांनाही कळलं नाही, पण दोघंही थांबले.

एवढ्यात शेजारच्या शिलाईवाल्या वहिनी ओठांतल्या टाचण्या काढत आल्या. ताईला त्यांनी आपली खुर्ची दिली आणि स्वतः खिडकीशी गेल्या. खिडकीच्या जाळीला खाली एक छोटी झडप होती, दुधाच्या पिशव्या घेण्यापुरती. "काका, माणूस नाही निघायचा इथून, पण मिक्सर निघेल. एकेक द्या बाहेर. जागा होईल तसा ओव्हन मागे सरकेल."

"बाहेर म्हणजे... कुणाकडे?"

"माझ्याकडे! मी काय खाणार आहे का?"

काकांनी पहिली किटली उचलली, परत ठेवली. दुसरी उचलली. "ही नको, हिची मूठ नाजूक आहे." तिसरी.

"अहो, वरात काढायची नाहीये!" वहिनी म्हणाल्या.

टॅक्सीवाला उतरून आला. वरच्या मजल्यावरची तिघं-चौघं आली. रांग लागली. काका आतून एकेक यंत्र झडपेतून सरकवत आणि सोबत त्याची हकिकत. "हा डेंटिस्टबाईंचा, याला ओलं फडकं लावू नका. ही सासूबाई, बंद केली तरी बोलते, घाबरू नका." टॅक्सीवाला हुबेहूब त्यांच्याच आवाजात पुढे सांगे, "सासूबाई आली, घाबरू नका! डेंटिस्टबाई, ओलं फडकं नाही!" लोक हसून हसून बेजार. आत काकांचा शर्ट घामाने भिजला होता. दर वेळी हात झडपेबाहेर जाई आणि रिकामा परत येई, आणि रिकाम्या हाताला काय वाटतंय ते बघायला वेळ नव्हता.

तेहेतीस गेले. मागे सरकायला जागा झाली. पण ओव्हन एकट्याने ओढवेना. खाली वाकून बघतात तर ओव्हनचा पाय आणि दार यांच्यामध्ये टोस्टर. पाचरीसारखा घट्ट.

"ताई, टॅक्सीवाल्यांना बाहेरून ढकलायला सांग, मी आतून ओढतो. पण... पण तो चेपणार."

"कोण चेपणार?"

"टोस्टर. आपला. तू पहिल्या पगारात आणलेला."

"तो?" ताई म्हणाली. "तो मी भंगारात दिला. तू कॉलेजात होतास तेव्हा. पाव एका बाजूने कच्चा, एका बाजूने कोळसा."

"अगं, तोच मला मिळाला. डावी झडप लुळी आहे."

"तू उजवी मोडली होतीस, गुंड्या. मला माहीत होतं. महिनाभर माझ्याकडे पाठ करून जेवत होतास."

काका जमिनीवर बसले. बारा वर्षांचे सगळे रविवार त्यांच्या डोळ्यांपुढून वायरी गुंडाळत गेले. कुणाच्या तरी टोस्टरसाठी.

"मावशी..." टॅक्सीवाल्याने हळूच म्हटलं.

"गुंड्या, मी ही खुर्ची सोडून टॅक्सीत बसू, की आत येऊ? दोनच लाइनी आहेत."

"ढकला," काका म्हणाले.

कर्रकच्च! दार उघडलं. टोस्टरची चपटी पाटी झाली. ताई वॉकर आडवा धरून आत आली, खाटेपर्यंत गेली, बसली, चादर चाचपली. "जागा आहे," ती म्हणाली. बॅगा उतरल्या, टॅक्सी गेली. काकांनी चहा केला. दोघांनी तो खाटेवर बसून प्यायला. काकांना वाटलं, खोलीत हवा आली.

चारच्या सुमाराला वहिनींचा आवाज आला. "काका, दारात ठेवतेय हं सगळं! जपून ठेवलं होतं, पुसून आणलंय!" मागोमाग वरच्या मजल्यावरची. "काका, तुमची किटली. आणि हा आमचा मिक्सर, असाच पडून होता, म्हटलं तुमच्याकडे जातोच आहोत तर..." कोणी एक नेलं होतं त्याने दोन आणलं. माणसं प्रामाणिक. काका 'नाही' म्हणायला तोंड उघडत राहिले. अर्ध्या तासात दाराबाहेरचा बोळ भरला. दार आता आतून सताड उघडत होतं आणि पलीकडे सदतीस यंत्रं रांगेत उभी होती. ती ओलांडून बाहेर पडायचं तर गुडघा छातीपर्यंत उचलायला हवा. ताईचा गुडघा तर खुर्चीइतकाही वर जात नव्हता.

काका उंबऱ्यावर उभे राहून ताईकडे बघत होते. ती आता म्हणेल, फेकून दे सगळं. तिने म्हटलं असतं तर त्यांनी फेकलंही असतं. देवाशपथ फेकलं असतं. बारा वर्षं ते जणू एवढ्यासाठीच थांबले होते, की कोणीतरी मोठ्या माणसाने चारचौघांत दटावून सांगावं.

ताईने चष्मा लावला, पुढे वाकून दारातली रांग नीट पाहिली.

"आज फेरी कुठवर झाली होती तुझी?"

"सात."

"मग अर्धवट का ठेवलीस?" तिने खाटेवर पाय वर घेतले, पाठीला उशी लावली आणि स्विचबोर्डवरच्या स्वच्छ, घाईच्या आवाजात म्हणाली, "आठ. बोला, आठ."

काकांनी खाली वाकून वायर सोडायला घेतली.