आपोआप जोड

इमारतींची ड्रॉइंग्ज काढणाऱ्या एका बाईचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. कॉम्प्युटरवर बीम नुसता खांबाजवळ नेला, की सॉफ्टवेअर दोघांची आपोआप गाठ मारायचं. मग खांब जरा सरकवावा, तर त्याला जोडलेले सगळे बीम आणि अख्खा जिना मागोमाग फरफटत यायचा.

"तुला विचारलंय कुणी?" ती स्क्रीनवर खेकसली आणि तिने ती आपोआप जोडणी बंदच करून टाकली.

असं बंद करण्यात तिचा हातखंडा होता. रोज जेवणाच्या सुट्टीत "जेवलीस का?" म्हणून येणारा आईचा फोनही तिने कालच बंद करायला लावला होता. ऑफिसात सगळे हसतात म्हणून.

सुट्टीच्या आधी साहेब ड्रॉइंग बघायला आले. "खांब हलला, आणि हा बीम काय हवेत लटकवायचा?"

तिने जीभ चावली. आता एकेक जोड आठवून हाताने बांधणं आलं. बांधता बांधता नजर सारखी मोबाईलकडे जात होती. सुट्टी झाली, संपत आली, तरी मोबाईल ढिम्म. डबाही उघडवेना. शेवटी तिनेच फोन लावला.

"आई, जेवलीस का?"

"तूच म्हणालीस ना, फोन नको म्हणून?"

"तू नको करूस. मी करत जाईन, रोज."

"कर की," आई म्हणाली. "पण तुला आठवण कोण करून देणार? मीच ना?"