तिच्या हाताची वही

माझं अक्षर चांगलं आहे, हे मी न लाजता सांगते. कोरेगावजवळच्या आमच्या शाळेत फळ्यावरचा सुविचार वीस वर्षं मीच लिहिते. लग्नपत्रिकांवर नावं घालायला अख्खं गाव माझ्याकडे येतं. आणि माझ्या पोटच्या पोरीला सातवीतही एक शब्द सरळ ओळीत बसवता येत नव्हता.

शर्टाचं वरचं बटण तिला लावता येत नसे. पेन्सिल अशी आवळून धरायची की बोटं पांढरी पडत. तोंडी विचारलं तर इतिहासाचा धडा घडाघडा सांगायची. लिहायला बसली की अर्ध्या तासात चार ओळी, त्याही माळावर सोडलेल्या शेरडांसारख्या. शाळेतल्या माझ्या सोबतच्या शिक्षिका हसून म्हणत, "दिव्याखाली अंधार!" सासूबाईंचं निदान वेगळं होतं. "लय लाड केलंस, म्हून हात वळंना तिचा. भाकऱ्या थापायला लाव, येतंय का न्हाई बघ." लावल्या. पीठ परातीबाहेर आणि पोर रडत आतल्या खोलीत. मी तिला पट्टीनं मारलंही आहे, त्याच बोटांवर. ते आठवलं की माझी मलाच शिसारी येते.

वह्या अपुऱ्या म्हणून सातवीत तिला वर्गाबाहेर उभं केलं. त्या दिवशी मी ठरवलं, आता वह्या मीच लिहायच्या. तिनं शाळेत कच्च्या वहीत जमेल तसं उतरवायचं, मी घरी पक्क्या वहीत. आधी मुद्दाम थोडं वाकडं लिहायचे, पण माझा हात फार दिवस वाकडा चालेना. कच्ची वही संपली की सकाळी आंघोळीच्या पाण्याच्या बंबात घालायचे. जळायला बरी पडे.

नववीच्या शेवटी तपासणी शिबिरात आलेल्या एका शिक्षिकेनं सांगितलं, हा आळस नाही, हिला लिहिणं खरोखरच जमत नाही. डॉक्टरांचा दाखला मिळाला तर दहावीला लेखनिक मिळेल. ही उत्तरं सांगेल, दुसरं कुणी लिहील. मला तिथंच रडू फुटलं. पोरगी सुटणार होती.

दाखल्यासाठी आम्ही साताऱ्याला गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिला एक उतारा लिहायला दिला. चार ओळींत तिला घाम फुटला. शाळेच्या वह्या आणा असा निरोप होता आणि मी शहाणी, तीन वर्षांच्या सगळ्या वह्या कव्हरं घालून घेऊन गेले होते. बाईंनी वही आणि तो कागद शेजारी शेजारी ठेवले.

"वहीत इतकं सुंदर, आणि इथं असं? सवलतीसाठी मुद्दाम काढलंस का गं?"

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाली, "व्हय. वह्या माझ्याच हायत."

ती मला वाचवत होती.

"अक्षर माझं आहे," मी म्हणाले.

बाई रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. "मग तिच्या हाताची एखादी जुनी वही आणा. कुठलीही. आता नुसत्या तुमच्या शब्दावर मी सही कशी करू?"

लेखनिकाच्या अर्जाची मुदत संपायला आठ दिवस उरले होते. दवाखान्याच्या पायरीवरूनच शाळेत फोन केला. जुने पेपर केव्हाच रद्दीत गेले होते. घरात तिच्या हाताचा एक कागद नव्हता. सगळं, अगदी शेवटची कच्ची वहीसुद्धा, मी स्वतः जाळलं होतं.

स्टँडबाहेर एक वही घेतली. नवी वही चालणार नाही, हे मला ठाऊक होतं. दुसरं काही सुचत नव्हतं, एवढंच. एसटीत बसल्यावर तिनं ती मांडीवर उघडली आणि स्वतःचं नाव लिहायला लागली. पहिलंच अक्षर ओळीखाली घसरलं. सवयीनं माझा हात पुढे गेला.

तिनं वही पोटाशी धरली.

"मम्मी, ह्या वहीला तू हात लावायचा न्हाई."

मी हात मागे घेतला. कोरेगाव आलं तरी तिचं नाव पुरं झालं नव्हतं.