अठरा प्रकरणांचे एकेचाळीस शनिवार

नाव: क्लिफर्ड ऑस्क्रॉफ्ट. वय: एकसष्ट. उंची: पाच फूट पाच इंच, टोपीसह. व्यवसाय: मोज्यांच्या गिरणीत सदतीस वर्षे यंत्रदुरुस्ती, गिरणी बंद पडल्यापासून निवृत्त. वैवाहिक स्थिती: अविवाहित, कारण नोंदवलेले नाही. सदर इसम शनिवार क्लबाचा सभासद क्रमांक चार असून त्याच्या ताब्यात अकरा पलटणी (शिशाच्या व प्लास्टिकच्या, सर्व रंगवलेल्या) आहेत. सदर इसमाने तीनशेहून अधिक लढायांत सेनापतिपद भूषवले असून शत्रूस पाठ दाखवल्याची एकही नोंद नाही.

हे वर्णन आमचा चिटणीस हेडली वास याने क्लबाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला लिहिलं. ते चौकटीत घालून चर्चच्या हॉलमध्ये, आग विझवण्याच्या नळकांड्याशेजारी लावलेलं आहे. त्यातलं एकही वाक्य खोटं नाही. हेडली खोटं लिहीत नाही, तो फक्त निवडून लिहितो.

नॉटिंगहॅमच्या उत्तरेला आमचं गाव. आधी खाणी बंद झाल्या, मग गिरण्या. क्लबाला बंद पडायचं सुचलं नाही. दर शनिवारी दुपारी एक वाजता आम्ही चारपाच लांब टेबलं जोडतो, त्यावर पुठ्ठ्याचे डोंगर मांडतो आणि 'काजळी युगा'तल्या लढाया लढतो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: काजळी युगात सूर्य एकामागून एक विझत चाललेत, माणसं सरपणासारखी मोजली जातात, आणि शेवटचा विनोद होऊन चार हजार वर्षं झालीत. आमच्या गावाला हे जग फार परकं वाटलं नाही.

त्या जगावर कादंबऱ्यांची एक मालिकाही आहे, आणि तिच्यात लेंडर स्क्रोप नावाचा एक वीर आहे. मुळात मेणबत्तीखात्यातला कारकून. पहिल्या पुस्तकात तो लढाई सोडून मागच्या खिंडीतून पळाला, अंधारात घसरला, आणि थेट शत्रूच्या सेनापतीच्या अंगावर पडला. सेनापती मेला. स्क्रोपला पदक मिळालं. तेव्हापासून सव्वीस पुस्तकं तो पळतोय, आणि जिथे पळून जावं तिथेच त्याची गरज निघते.

आता प्रश्न असा, की स्क्रोप भित्रा आणि नशीबवान आहे, की शूर आहे आणि त्याला स्वतःलाच पत्ता नाही? यावर जगभर लोक भांडतात. आमच्याकडे बावीस वर्षं दोनच माणसं भांडत होती. भित्र्याच्या बाजूने क्लिफर्ड आणि शूराच्या बाजूने ग्लेनिस बेक्सन.

ग्लेनिस शाळेच्या कचेरीत कामाला होती. बावीस वर्षांपूर्वी ती मुलाला, गॅव्हिनला, क्लबातून घरी न्यायला आली. खेळ संपायचा होता म्हणून खुर्चीवर बसली आणि टेबलावरचं पुस्तक उचललं. दोन वर्षांत गॅव्हिनचा छंद सुटला. ती येत राहिली. आठ वर्षांपूर्वी तिचा नवरा वारला, त्या शनिवारीसुद्धा आली, म्हणाली, "घरी सगळे हळू आवाजात बोलतायत. इथे जरा भांडा माझ्याशी."

क्लिफर्ड भांडला. तो फुलं देणाऱ्यांतला नव्हता.

"घसरतो गं तो! प्रत्येक पुस्तकात घसरतो. घसरण्याला तू शौर्य म्हणतेस?"

"सव्वीस वेळा माणूस एकाच दिशेला घसरत नाही, क्लिफर्ड."

"उतार असेल तर घसरतो. मी यंत्रं दुरुस्त केलीत, डक."

"मग तुझ्यात यंत्राचं तेल भरलंय. रक्त कुठेय?"

आमच्याकडे सगळे एकमेकांना 'डक' म्हणतात, म्हणजे बदक. दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो, डॉक्टर रोग्याला म्हणतो. त्यात प्रेम आहे की नाही हे म्हणणाऱ्यालाही सांगता येत नाही, आणि म्हणूनच हा शब्द टिकला असावा.

नवं पुस्तक आलं की क्लबात एक रिवाज असतो. सगळ्यांनी मिळून दर शनिवारी एक प्रकरण वाचून त्यावर बोलायचं. पुढचं घरी वाचायचं नाही, आणि वाचलंच तर बोलायचं नाही. जो पुढचं बोलून जाईल त्याने त्या दिवशीचे सगळे कप विसळायचे. कुठल्या शनिवारी किती पानं, हे ठरवायचं काम क्लिफर्डचं, कारण त्याचं अक्षर चांगलं.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सत्ताविसावं पुस्तक आलं, शेवटचं. प्रकरणं अठरा. त्याच आठवड्यात ग्लेनिसने सांगितलं की गॅव्हिनने नॉर्थंबरलंडला मोठं घर घेतलंय, नातवंडं दोन आहेत, आणि तो तिला कायमचं बोलावतोय.

"कधी?" हेडलीने विचारलं.

"पुस्तक संपलं की," ग्लेनिस म्हणाली. "स्क्रोपला मध्येच सोडून नाही जाणार."

क्लिफर्डने पानांचा तक्ता खिशातून काढला, पाहिला, परत ठेवला.

पुढच्या शनिवारी तक्ता बदललेला होता. पहिल्या प्रकरणाचे दोन भाग. "मजकूर दाट आहे," असं क्लिफर्डचं म्हणणं. तिसऱ्याचे तीन भाग झाले. जुलैत एक अख्खा शनिवार नकाशावर गेला. ऑगस्टमध्ये आम्ही मागच्या पुस्तकाची परिशिष्टं वाचली, का ते कोणी विचारलं नाही. सप्टेंबरात क्लिफर्डला शंका आली की पाचवं प्रकरण आपण नीट वाचलंच नाही, तेव्हा ते पुन्हा झालं. त्या दिवशी ग्लेनिसने पुदिन्याच्या सॉसमधले घोटून शिजवलेले वाटाणे आणले होते. वाटी त्याच्यापुढे सरकवत ती म्हणाली, "खा, डक. दाट आहेत."

तिला कळलं होतं. आम्हा सगळ्यांना कळलं होतं. क्लबात बारा माणसं, बाराही जण पुस्तक घरी वाचून बसलेले, आणि एकानेही तोंड उघडलं नाही. नऊ महिने आम्ही पुढच्या प्रकरणात स्क्रोपचं काय होईल याची काळजी करत होतो.

गॅव्हिनचे फोन येत. ग्लेनिस सांगे, "अजून संपलं नाही रे." तिच्या घरातलं सामान हळूहळू खोक्यांत जात होतं. हॉलमध्ये ती चहा घेऊन खिडकीजवळ बसे आणि क्लिफर्ड तक्ता वाचायला उभा राहिला की कप खाली ठेवून त्याच्याकडे बघे. दर वेळी वाटे, आज बोलेल. तो पृष्ठसंख्या बोले.

जानेवारीच्या मध्याला, एकेचाळिसाव्या शनिवारी, फक्त शेवटचं प्रकरण उरलं. अकरा पानं. क्लिफर्ड उठला. "याचे तीन भाग करावे असं माझं..."

"क्लिफर्ड," ग्लेनिस म्हणाली. "का?"

"काय का?"

"का फोडतोयस प्रकरणं? एप्रिलपासून फोडतोयस. सगळ्यांसमोर नको असेल तर बाहेर येऊन सांग. मी कोट घालते."

तिने खरोखर कोट हातात घेतला. हेडली वहीत काहीतरी लिहायचं नाटक करू लागला. मी फाशांची डबी बंद केली, ती आधीच बंद होती.

क्लिफर्डने चष्मा काढून पुसला. त्याला काय म्हणायचं होतं ते त्या हॉलमधल्या खुर्च्यांनासुद्धा ठाऊक होतं.

"मजकूर," तो म्हणाला, "दाट आहे."

ग्लेनिसने कोट परत खुर्चीवर टाकला. "बरं. मग आज संपवू. अकराच्या अकरा."

शेवटच्या प्रकरणात म्हातारा स्क्रोप एका दारापाशी येतो. आत शेवटचा सूर्य विझत असतो. तो आत जातो आणि सूर्य वाचतो. ग्लेनिसने पुस्तकावर बोट ठेवलं. "बघ. कोणी ढकललं नाही. आपल्या पायांनी गेला."

इथे कुठल्याही माणसाने 'हो' म्हटलं असतं. पण क्लिफर्ड बावीस वर्षांचा वादपटू होता, आणि समोर पुरावा होता. त्याने पान उलटलं. "पायरी ओली आहे. चौथी ओळ. 'पाणी ठिबकत होतं.' आठव्या ओळीत तो कठडा धरतो. न घसरता माणूस कठडा का धरेल?" मग त्याने तिसऱ्या पुस्तकातला दाखला दिला, नवव्यातला दिला, कठड्यांचा सबंध इतिहास मांडला. पंचवीस मिनिटं. तो इतका चांगला कधीच बोलला नव्हता. त्याचे कान लाल झाले होते.

ग्लेनिस शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "बावीस वर्षं मी चुकत होते. शूर नव्हता तो. नुसता नशीबवान." मग कोट घालताना, बटणं लावत: "नशीब नसतं तर बिचारा दाराबाहेरच उभा राहिला असता, नाही का?"

तिने सगळ्यांच्या गालांना गाल लावले. क्लिफर्डशी हस्तांदोलन केलं, कारण त्याने हात पुढे केला होता.

ती गेल्यावर हेडलीने वही मिटली. "जिंकलास की रे."

"हो," क्लिफर्ड म्हणाला.

"मूर्खा, मंगळवारी जातेय ती. मध्ये दोन दिवस आहेत. जा."

"जाऊन काय सांगू?"

"पृष्ठसंख्या सोडून काहीही."

रविवारी तो गेला नाही. सोमवारी दुपारी चार वाजता तिच्या गल्लीत गेला. हे मला त्यानेच नंतर सांगितलं, तक्ता वाचावा तशा आवाजात. दार वाजवायचं त्याने ठरवलं नव्हतं. त्याचा हिशेब असा, की कचऱ्याची गाडी मंगळवारी येते आणि लोक आदल्या संध्याकाळी डबा फाटकाबाहेर आणून ठेवतात. ती डबा घेऊन बाहेर येईल, तो सहज तिथून जात असेल, डबा जड असेल. मग बोलणं निघेल. दोन तास तो टपालपेटीजवळ उभा राहिला. घरात दिवा होता. पडदे काढलेले असल्यामुळे ती दिसत होती, एक खोकं बांधत होती, दोनदा सुटलं, परत बांधलं. सहा वाजता दिवा मालवला.

त्या गल्लीत कचऱ्याची गाडी बुधवारी येते.